हॅरी गुगेनहाइम: नौदलाचा वैमानिक, उड्डाणविद्येचा दाता आणि स्वतःच्या आवडीबाहेरच्या चित्रांचा पालक

लोलक

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात. पैसा सॉलोमन गुगेनहाइमचा, आराखडा फ्रँक लॉइड राइटचा. पण २१ ऑक्टोबर १९५९ ला दारं उघडली तेव्हा दोघंही हयात नव्हते. सॉलोमन नोव्हेंबर १९४९ मध्ये गेला, राइट उद्घाटनाच्या सहा महिने आधी, ९ एप्रिलला. काम तडीस नेलं ते सॉलोमनच्या पुतण्याने, हॅरीने. धागा त्याच्याबद्दल आहे.

जन्म १८९०, न्यू जर्सी. घराण्याचा धंदा खाणी आणि धातू गाळण्याच्या भट्ट्या. येलमध्ये थोडे दिवस, मग मेक्सिकोत आग्वासकालियेंतेसच्या भट्टीवर उमेदवारी, मग केंब्रिजचं पेंब्रोक कॉलेज. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा हा स्वतःची कर्टिस फ्लाइंग बोट (पाण्यावर उतरणारं विमान) घेऊन उडायला शिकला आणि नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला. फ्रान्स, इंग्लंड, इटली इथे काम केलं आणि लेफ्टनंट कमांडर होऊन बाहेर पडला. शत्रूची विमानं पाडली वगैरे प्रकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं काम व्यवस्थेचं होतं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने तेच केलं.

मग: १९२६ ते १९३० वडिलांच्या नावाचा विमानविद्या निधी. १९२९ ते १९३३ क्युबात अमेरिकेचा राजदूत. १९४० मध्ये बायको अलिशिया पॅटरसनबरोबर 'न्यूजडे' हे लाँग आयलंडचं वर्तमानपत्र. पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गणवेश, ट्रेंटनजवळच्या मर्सर फील्डचा प्रमुख म्हणून. घोड्यांचा तबेलाही होता. त्याच्या डार्क स्टार या घोड्याने १९५३ ची केंटकी डर्बी ही शर्यत जिंकली आणि गाजलेल्या नेटिव्ह डान्सर घोड्याच्या आयुष्यातली एकमेव हार तीच. आणि १९६९ पर्यंत संग्रहालय.

माझं म्हणणं असं की ही सात-आठ वेगळी आयुष्यं नव्हेत. अट लिहायची, बक्षीस लावायचं, चाचणी घ्यायची, काम झालं की बाजूला व्हायचं, हीच रीत त्याने सगळीकडे वापरली. विमानात ती चालली. कलेत अर्धीच चालली. जाणकारांनी भर घालावी.

उलटा पंखा

वाचतोय. एक शंका. विमानविद्या निधीने नेमकं काय केलं? धनिकाने विद्यापीठाला देणगी दिली, इमारतीवर नाव कोरलं, एवढंच असेल तर त्यात विशेष काय?

घिरटी

@उलटा पंखा, देणग्या होत्याच. कॅलटेक, स्टॅनफर्ड, एमआयटी, मिशिगन, वॉशिंग्टन, जॉर्जिया टेक इथली विमानशास्त्राची केंद्रं त्या पैशावर उभी राहिली. थिओडोर फॉन कारमान जर्मनीतून कॅलटेकला आला तोही याच निधीमुळे. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या बारीकसारीक गोष्टी. गावांची नावं छपरांवर मोठ्या अक्षरांत रंगवायची मोहीम त्यांचीच, कारण तेव्हाचा वैमानिक रेल्वेचे रूळ बघत वाट काढायचा आणि खालचं गाव कुठलं हे त्याला कळायचं नाही. वेस्टर्न एअर एक्स्प्रेसला लॉस एंजेलिस–सॅन फ्रान्सिस्को मार्गासाठी कर्ज दिलं, आणि त्या मार्गावर हवामानाची माहिती देणारी केंद्रांची साखळी हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताव रॉस्बीकडून उभी करून घेतली. कर्ज हं, अनुदान नव्हे. कंपनीने ते फेडलं.

एकट्याने अटलांटिक ओलांडलेल्या लिंडबर्गची १९२७ ची ४८ राज्यांची फेरीही त्यांचीच. तिची मुख्य अट वेळेवर पोचण्याची होती. लोकांना शौर्य ठाऊक होतंच, विमान वेळापत्रकाने चालतं हे पटवायचं होतं.

पण मुकुटमणी म्हणजे २४ सप्टेंबर १९२९ चं आंधळं उड्डाण, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर केलेलं. त्यावर सवडीने लिहितो.

मोरचूद

घिरटी, लिहाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घिरटी

तर आधी अडचण काय होती ते. ढगात किंवा धुक्यात शिरलं की वैमानिक कानातल्या तोलावर विसंबतो आणि तिथेच घात होतो. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतं, पण वळण एकसारखं चालू राहिलं की पंधरा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतं आणि आपण सरळ आहोत असं वाटतं. वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं की कान सांगतो, उलट्या बाजूला वळलास. तो बिचारा पुन्हा मूळ वळणात जातो, नाक खाली येतं, वेग वाढतो, तो काठी ओढतो, वळण आणखी आवळतं. गिरक्या घेत थेट जमिनीत. नवशिके तर जायचेच, मुरलेलेही असेच जायचे.

होकायंत्र मदतीला येत नाही. चुंबकसूची नुसती उत्तरेकडे ओढली जात नाही, ती खालीही झुकते. त्यामुळे उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असताना विमान कललं की होकायंत्र सुरुवातीला उलट वळण दाखवतं. साधा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, शंभर फुटांची चूक सहज करायचा. धुक्यात उतरताना शंभर फूट म्हणजे सात-आठ मजले.

निधीने मिचेल फील्डवर प्रयोगशाळा काढली आणि सैन्याकडून जिमी डूलिटल उसना घेतला. एमआयटीची डॉक्टरेट असलेला वैमानिक. विमान कन्सॉलिडेटेड कंपनीचं एनवाय-२, दोन कॉकपिटचं, संथ आणि दणकट. त्यात नव्या गोष्टी अशा:

स्पेरींचं कृत्रिम क्षितिज. आत जायरो, म्हणजे आपली दिशा न सोडणारी चकती, वेगाने फिरतो, बाहेर एक रेघ. विमान कललं की रेघ कलते. मर्यादा ही की फार तिरकं झालं तर जायरो कोलमडतो, मग तो पुन्हा जागेवर येईपर्यंत त्याकडे बघायचं नाही.

दिशा दाखवणारा जायरो, तोही स्पेरींचा. वळताना होकायंत्रासारखा थापा मारत नाही, पण घर्षणाने हळूहळू भरकटतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ स्थिर ठेवायचं, होकायंत्र शांत होऊ द्यायचं आणि आकडा जुळवून घ्यायचा. हे विसरला तो चुकलाच.

कोल्समनचा अल्टिमीटर. घड्याळाच्या तोडीची दातेरी चाकं, त्यामुळे काही फुटांचा फरकही काट्यावर दिसतो. मात्र धावपट्टीवरचा हवेचा दाब त्यात आधी लावून घ्यावा लागतो, नाहीतर यंत्र बिनचूक आणि आकडा चुकीचा.

चौथं, रेडिओचा झोत. कॉकपिटमध्ये शेजारी-शेजारी दोन बारीक पट्ट्या. झोताच्या मधोमध असलात की दोन्ही सारख्या थरथरतात, बाजूला गेलात की एकीची थरथर वाढते. केंद्राच्या अगदी माथ्यावर दोन्ही क्षणभर गप्प होतात. ती खूण.

उतरण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते. जमीन जवळ आली की नाक उचलून अलगद टेकायचं, हे दिसल्याशिवाय जमत नाही. मग त्यांनी नाक उचलणंच सोडून दिलं. ताशी ६० मैलांचा वेग धरायचा, इंजिनाला थोडी ताकद ठेवायची आणि त्याच उतारावर चाकं आपटेपर्यंत येत राहायचं. दणका बसतो, पण चाकं तो सोसतात. डूलिटल मागच्या कॉकपिटमध्ये झाकणाखाली होता. पुढे बेन केल्सी, गरज पडली तर सांभाळायला, हात बाहेर सगळ्यांना दिसतील असे ठेवून. उड्डाण १५ मिनिटांचं.

अवांतर: त्या पहाटे सगळे जमले होते ते धुकं जाळून हटवायचा एक प्रयोग बघायला. मोठी भट्टी पेटवली, धुकं काही हललं नाही. खाणीच्या बंदिस्त खड्ड्यात जे साधलं होतं ते उघड्या मैदानावर कसं साधणार, हवा बाजूने येतच राहते. धुकं जात नाही म्हटल्यावर त्यातूनच उडाले.

उलटा पंखा

शंका मागे घेतो.

चुनाभट्टी

जबरदस्त प्रतिसाद. लोलक यांच्या 'रीती'ला दुजोरा देणारी आणखी एक गोष्ट: सुरक्षित विमानाची स्पर्धा. बक्षीस १ लाख डॉलर. अटीत "सुरक्षित" हा शब्द मोघम ठेवला नव्हता. किमान ताशी ३५ मैलांवर विमान ताब्यात राहिलं पाहिजे, कमाल वेग ११० मैलांचा हवा, ठरावीक उंचीचा अडथळा ठरावीक अंतरात ओलांडून चढता-उतरता आलं पाहिजे. हे मोजता येतं, भांडण नाही. बक्षीस कर्टिसच्या टॅनेजरला गेलं. पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या फटी, मागच्या कडेला खाली झुकणारे फ्लॅप, पंखांच्या टोकांना विमान डावी-उजवीकडे कलवणारे स्वतंत्र तरंगते एलेरॉन.

भांडण झालंच म्हणा, पण ते फटींच्या पेटंटवरून, आणि हँडली पेज या ब्रिटिश विमान कंपनीशी.

टॅनेजर बाजारात चाललं नाही. त्यातल्या फटी आणि फ्लॅप मात्र पुढे सगळ्यांनी उचलले. १९३० च्या सुरुवातीला निधीने काम संपलं म्हणून स्वतःचं दुकान बंद केलं. आपल्याकडे स्थापन झालेली समिती कधी आपण होऊन बंद झाल्याचं कुणाला आठवतंय का?

मोरचूद

जरा दुसरी बाजू. दात्याचं कौतुक चाललंय ते ठीक, पण पैसा आला कुठून? चिलीच्या चुकिकामाताची तांब्याची खाण, मेक्सिकोच्या भट्ट्या. तिथल्या मजुरांच्या घामावर हा निधी उभा होता. क्युबात राजदूत असताना समोर माचादोसारखा हुकूमशहा, तिथेही याची 'रीत' काही चालली नाही. आणि न्यूजडेत बायकोने रोज उठून पत्र चालवायचं, पण मालकीत याचे ५१ टक्के, तिचे ४९. हे दोन टक्के तिला शेवटपर्यंत सलत होते.

लोलक

मोरचूद, मुद्दे मान्य, आणि ते दोन टक्के हीसुद्धा त्याची रीतच. काम दुसऱ्याला मोकळेपणाने करू द्यायचं, पण शेवटची किल्ली आपल्या खिशात. अलिशिया १९६३ मध्ये गेली आणि १९७० मध्ये पत्र त्याने टाइम्स मिररला विकून टाकलं.

चुकिकामाताबद्दल एक दुरुस्ती. ती खाण १९२३ मध्ये अ‍ॅनाकोंडा कंपनीला विकायला हॅरीचा विरोध होता. काकांनी विकली, हा धंद्यातून बाहेर पडला. तसं झालं नसतं तर विमानविद्या निधीला वेळ कुठून आला असता?

रॉबर्ट गॉडर्डचं नाव कुणी घेतलं नाही अजून. रॉकेटवाला. लिंडबर्गने शब्द टाकला, हॅरीच्या वडिलांनी १९३० मध्ये पैसे दिले, गॉडर्ड न्यू मेक्सिकोत रॉसवेलला गेला. वडील त्याच वर्षी वारले आणि १९३२ मध्ये पैसा थांबला. १९३४ मध्ये तो पुन्हा सुरू केला हॅरीने. पुढे १९६० मध्ये अमेरिकी सरकारने गॉडर्डची पेटंटं वापरल्याबद्दल १० लाख डॉलर मोजले, गॉडर्डच्या पत्नीला आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानाला.

आता चित्रांकडे वळू या का?

तिसरा जिना

वळू या. मुळात संग्रहालयाचं नाव होतं म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग (कुठल्याही वस्तूचं चित्रण न करणाऱ्या चित्रांचं संग्रहालय), १९३९ साली पूर्व ५४ व्या रस्त्यावर भाड्याच्या जागेत. सूत्रधार सॉलोमनची कला-सल्लागार हिला रिबे. १९४३ मध्ये राइटला पत्र लिहून इमारत मागितली तीही तिनेच. सॉलोमननंतर तिचं आणि घराण्याचं पटेना, १९५२ मध्ये तिने पद सोडलं, संग्रहालयाला सॉलोमनचं नाव मिळालं आणि जेम्स जॉन्सन स्वीनी संचालक झाला.

इथून हॅरीची खरी डोकेदुखी. राइटला इमारत हवी होती, स्वीनीला चित्रं. मध्ये हॅरी, ज्याच्या स्वतःच्या सँड्स पॉइंटच्या फालेझ या घरात मध्ययुगीन मूर्ती आणि जुनं युरोपी लाकडी सामान. घरी हे, आणि रखवाली कँडिन्स्कीच्या अमूर्त चित्रांची.

भांडण समजायला आकडे बघा. इमारत म्हणजे मधल्या पोकळीभोवती गोल फिरत जाणारी एकच उतरण, चित्रं तिच्या बाहेरच्या भिंतीवरच्या कोनाड्यांत. ती साधारण पाव मैल लांब, चढ ३ टक्के. म्हणजे ३ मीटर रुंद चित्राच्या एका टोकाखालची जमीन दुसऱ्या टोकापेक्षा ९ सेंटिमीटर खाली. भिंत जमिनीशी काटकोनात नाही, ९७ अंशांत, बाहेरच्या बाजूला झुकलेली. राइटचं म्हणणं, चित्र इझलवर जसं किंचित मागे रेलतं तसंच भिंतीवर रेलू द्या. शिवाय भिंत वक्र. त्रिज्या समजा १५ मीटर धरली, तर ३ मीटरची सपाट फ्रेम दोन्ही कडांना भिंतीला टेकेल आणि मध्ये साडेसात सेंटिमीटर पोकळी राहील. कोनाड्यांची उंची साडेनऊ फूट, त्याहून उंच कॅनव्हास जाणारच नाही.

डिसेंबर १९५६ मध्ये २१ चित्रकारांनी निषेधाचं पत्र दिलं, त्यात डी कूनिंग, क्लाइन, मदरवेल.

स्वीनीने तोड काढली ती लोखंडी गजांची. भिंतीतून गज पुढे काढायचे आणि चित्र त्यांवर, भिंतीला न टेकवता, सरळ उभं. ७ अंशांचा हिशेब केला तर २ मीटर उंच चित्राच्या वरच्या कडेला भिंत खालच्या कडेपेक्षा सुमारे २५ सेंटिमीटर मागे असते. तेवढा वरचा गज लांब. राइटने भिंतींना हस्तिदंती रंग सांगितला होता, स्वीनीने पांढरा दिला. राइटला छताकडून येणारा नैसर्गिक उजेड हवा होता, स्वीनीने दिवे लावले.

हॅरीने काय केलं? राइटची इमारत हलू दिली नाही आणि स्वीनीचे गजही हलू दिले नाहीत. दोघांनाही अर्धा न्याय. १९६० मध्ये स्वीनीने राजीनामा दिला.

घिरटी

तिसरा जिना, तुमच्या ९ सेंटिमीटरवरून सुचलं. तिथे चित्र टांगणारा पातळी लावून चित्र सरळ करतो, बघणारा मात्र पायाखालच्या उताराला सपाट समजतो, म्हणून सरळ चित्र त्याला तिरकं दिसतं. हे तर ढगातल्या वैमानिकाचंच दुखणं! नळीतल्या बुडबुड्यावर विश्वास ठेवायचा की अंगाला वाटतं त्यावर?

तिसरा जिना

अगदी. आणि तिथेही उत्तर तेच, बुडबुडा. फ्रेम गुरुत्वाच्या हिशेबाने सरळ. उताराला समांतर लावली तर खालच्या वळणावरून समोर बघणाऱ्याला ती ढळढळीत वाकडी दिसते, कारण मधल्या पोकळीमुळे एकच चित्र पाच-सहा उंचींवरून दिसतं.

चुनाभट्टी

बांधकामावर माझे दोन शब्द. बाहेरच्या भिंती ओतीव काँक्रीटच्या नाहीत, गनाइटच्या आहेत. बाहेरून प्लायवूडचा साचा, आत सळ्यांची जाळी आणि आतल्या बाजूने नळीने काँक्रीट फवारायचं. जाडी जेमतेम ५ इंच. बाहेरच्या पृष्ठभागावर जे उंचवटे दिसतात ते साच्याच्या फळ्यांचे.

चूक कुठे झाली? एवढ्या मोठ्या अखंड कवचाला प्रसरणासाठी सांधे ठेवले नाहीत. राइटला अखंड रेघ हवी होती. न्यूयॉर्कचा हिवाळा-उन्हाळा, आत गरम केलेली हवा, इन्सुलेशन नाही. काँक्रीट आकसतं-फुगतं आणि सांधा दिला नाही तर ते स्वतःच सांधा करून घेतं, त्यालाच आपण भेग म्हणतो. वर्षानुवर्षं भेग बुजवायची, रंग मारायचा, पुन्हा भेग. २००५ ते २००८ च्या दुरुस्तीत रंगाचे दहाहून जास्त थर खरवडले. तेव्हा मात्र शहाणपणाने, आधी वर्षभराहून जास्त काळ भेगांची हालचाल मोजली. कुठली भेग मेलेली आणि कुठली ऋतूप्रमाणे उघडमीट करते हे कळल्याशिवाय भरण्यात अर्थ नसतो. हलत्या भेगेत कडक मसाला भरला की शेजारी नवी भेग पडते. सगळ्यात वरच्या फेऱ्याच्या भिंतीला आतून कार्बन फायबरचं बळ दिलं.

आणि हॅरीसाठी खास: पहिला लेप कुठला होता माहीत आहे? कोकून नावाचा लवचीक व्हिनाइलचा, जो युद्धानंतर नौदल आपली निकामी ठेवलेली जहाजं झाकायला वापरत होतं. भेगांवर ताणला जाईल म्हणून निवडला. रंग पिवळसर बदामी, आजचा फिकट राखाडी नंतरचा. नौदलवाल्याचं संग्रहालय जहाजाच्या मेणकापडात गुंडाळलं होतं म्हणायचं.

मोरचूद

हे भारी आहे, जहाजाचं वेष्टण.

लोलक म्हणाले होते की रीत कलेत अर्धीच चालली. त्याचा पुरावा कुठे आहे?

लोलक

पुरावा म्हणजे गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कार. १९५६ पासून, देशोदेशींची निवड करून, सर्वोत्तमाला १० हजार डॉलर. पहिला बेन निकल्सनला, १९५८ चा मिरोला. टॅनेजरसारखाच थाट, फरक एवढाच की इथे ३५ मैलांची अट लिहिता येत नाही. १९६४ मध्ये अस्गर योर्न या डॅनिश चित्रकाराला बक्षीस जाहीर झालं, तर त्याने थेट हॅरीच्या नावाने तार ठोकली. मसुदा इथे देण्यासारखा नाही, आशय असा: तुझे पैसे घेऊन खड्ड्यात जा, मी मागितले नव्हते, तुझ्या या पोरखेळात मी नाही हे जाहीर कर. ज्याने स्पर्धेत नाव घातलेलंच नाही त्याला जिंकवता येत नाही, हे विमानांच्या बाबतीत कधी आड आलं नव्हतं.

मात्र किल्ली खिशात ठेवायची सवय इथे कामी आली. १९६३ मध्ये चित्रविक्रेता जस्टिन थानहाउझरचा संग्रह संग्रहालयाला मिळायचं ठरलं, त्यात तिसाहून जास्त पिकासो. चुलत बहीण पेगी तर काकाच्या संग्रहालयाला वर्षानुवर्षं नावं ठेवायची, तिनेही व्हेनिसचा वाडा आणि संग्रह अखेर याच प्रतिष्ठानाला दिला.

तिसरा जिना

@मोरचूद, त्या पुरस्काराला आपल्या बाजूचा एक धागा आहे. १९५८ च्या फेरीत ब्रिटनतर्फे निवडलेल्या पाच चित्रकारांत फ्रान्सिस न्यूटन सूझा होता. गोव्यातल्या साळगावचा, जे. जे.तून काढून टाकलेला.

आणि दुसरा वासुदेव गायतोंडे. नागपूरचा जन्म, मूळ गोव्याचं घराणं, जे. जे.चा. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ त्याचं मोठं एकल प्रदर्शन गुगेनहाइममध्ये झालं, संयोजक संधिनी पोद्दार. गायतोंडे आपल्या चित्रांना 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' म्हणू द्यायचा नाही. त्याचा शब्द 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह'. म्हणजे रिबेने १९३९ मध्ये दारावर लावलेला आणि १९५२ मध्ये उतरवलेला तोच शब्द.

उलटा पंखा

गायतोंडेंच्या चित्रांना गज लागले का?

तिसरा जिना

गायतोंडेचे बरेच कॅनव्हास उभट आहेत. उभट चित्राला वक्र भिंतीचा त्रास कमी. रुंदी १ मीटर धरली तर १५ मीटरच्या त्रिज्येवर मधली पोकळी जेमतेम ८ मिलिमीटर येते. झुकाव मात्र रुंदी विचारत नाही. दीड मीटर उंचीला १८ सेंटिमीटर, आडवं असो की उभं.